प्रवासी ट्रेलरचे अतिरिक्त चाक

प्रवासी ट्रेलरचे अतिरिक्त चाक (बोलीभाषेत स्टेपनी) म्हणजे मोटारगाडीच्या मागे जोडून ओढल्या जाणाऱ्या फिरत्या निवासासोबत बाळगलेले, रिमवर चढवून हवा भरून ठेवलेले जादा चाक होय. प्रवासात ट्रेलरचा एखादा टायर पंक्चर झाला किंवा फुटला, तर त्या जागी हे चाक बसवून प्रवास पुढे चालू ठेवता येतो. मोटारगाडीच्या स्टेपनीपेक्षा ट्रेलरच्या स्टेपनीची निवड अधिक काटेकोरपणे करावी लागते. ट्रेलरची चाके बहुधा आपल्या क्षमतेच्या बरीच जवळ भारलेली असतात आणि अतिरिक्त चाकालाही बसवल्या क्षणापासून तोच भार वाहावा लागतो. म्हणून त्याची निवड भारक्षमता, आकार, रिमची जुळणी आणि टायरचे वय या चार कसोट्यांवर केली जाते. यांपैकी एक जरी कसोटी चुकली, तरी ते चाक ऐन वेळी निरुपयोगी ठरू शकते किंवा दुसऱ्या अपघाताचे कारण होऊ शकते.

हा लेख मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात वापरल्या जाणाऱ्या प्रवासी ट्रेलरांविषयी आहे. युरोपात अशाच वाहनाला कॅरॅव्हॅन म्हणतात.

संज्ञा व पार्श्वभूमी

प्रवासी ट्रेलरला स्वतःचे इंजिन नसते. त्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय, पाण्याच्या टाक्या आणि बहुधा स्वच्छतागृह असते. लहान ट्रेलरला एक ॲक्सल व दोन चाके असतात, तर मध्यम व मोठ्या ट्रेलरला दोन ॲक्सल व चार चाके असतात. अमेरिकेत 'फिफ्थ व्हील' म्हणजे शब्दशः 'पाचवे चाक' या नावाचा ट्रेलरचा एक वेगळा प्रकार आहे. ते नाव त्याच्या जोडणीच्या पद्धतीवरून पडले असून त्याचा अतिरिक्त चाकाशी संबंध नाही.

मोटारगाड्यांच्या आरंभीच्या काळात गाडीसोबत जादा चाक मिळत नसे. पंक्चर झाले की चालकाला रस्त्यावरच टायर उतरवून दुरुस्त करावा लागे. इ.स. १९०४ मध्ये वेल्समधील लानेली या गावी डेव्हिस बंधूंनी यावर एक उपाय बाजारात आणला. आरे नसलेल्या रिमवर हवा भरलेला टायर चढवून ती रिम पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून पकडीने जोडण्याची ही योजना होती. त्यांचे दुकान ज्या स्टेपनी स्ट्रीटवर होते, तिचे नाव या चाकाला मिळाले. पुढे गाड्यांसोबत पूर्ण जादा चाक देण्याची प्रथा पडली आणि मूळ वस्तू मागे पडली, परंतु मराठीसह अनेक भारतीय भाषांत 'स्टेपनी' हा शब्द टिकून राहिला. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेत जादा चाकासाठी वापरला जाणारा 'एस्तेपी' हा शब्दही याच नावावरून आला आहे.

ट्रेलरच्या टायरचे वेगळेपण

मोटारगाडीच्या टायरला गती देणे, दिशा बदलणे व थांबवणे ही तिन्ही कामे करावी लागतात. ट्रेलरचा टायर मात्र केवळ भार वाहतो व ओढणाऱ्या वाहनामागे फिरतो. ब्रेकचा ताण त्याच्यावर येतो, पण इंजिनाचा जोर येत नाही. दोन ॲक्सलच्या ट्रेलरने अरुंद जागेत वळण घेतले की पुढची व मागची चाके जमिनीवर आडवी घासतात. टायरच्या बाजूंना त्या वेळी मोठा पीळ बसतो. शिवाय ट्रेलर वर्षातील अनेक महिने एकाच जागी उभा असतो.

या कारणांमुळे अमेरिकेत ट्रेलरसाठी वेगळा टायर बनवला जातो. त्याच्या बाजूवर 'एसटी' म्हणजे 'स्पेशल ट्रेलर' अशी खूण असते. मोटारगाडीच्या टायरवर 'पी' आणि हलक्या ट्रकच्या टायरवर 'एलटी' ही अक्षरे असतात. एसटी टायरच्या बाजू तुलनेने ताठ असतात आणि त्यात हवेचा दाब अधिक ठेवला जातो. तो ओढणाऱ्या मोटारगाडीला बसवण्यासाठी नसतो.

ट्रेलरचा टायर फुटल्याचे नुकसान टायरपुरते मर्यादित राहत नाही. चालकाला ते पुष्कळदा लगेच कळतही नाही, कारण ट्रेलर मागे असतो आणि सुकाणूवर त्याचा परिणाम थोडा जाणवतो. फाटलेल्या टायरच्या पट्ट्या वेगाने फिरताना चाकावरील आच्छादन, ट्रेलरची जमीन, पाण्याचे नळ, विजेच्या तारा व गॅसची नळी यांवर आदळू शकतात.

टायरच्या बाजूवरील मजकूर

अतिरिक्त टायर निवडण्यासाठी लागणारी बहुतेक माहिती चालू टायरच्या बाजूवर छापलेली असते. उदाहरणार्थ, 'एसटी २०५/७५आर१४, भारश्रेणी डी' या मजकुराचा अर्थ पुढीलप्रमाणे होतो.

• एसटी – ट्रेलरसाठी बनवलेला टायर.
• २०५ – टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
• ७५ – टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या शेकडा प्रमाणात. येथे ती २०५ च्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १५४ मिलिमीटर आहे.
• आर – रेडियल बांधणी. जुन्या पद्धतीच्या तिरकस थरांच्या बांधणीसाठी 'डी' हे अक्षर याच जागी असते.
• १४ – रिमचा व्यास, इंचांमध्ये.
• भारश्रेणी – टायर जास्तीत जास्त किती दाबाला किती भार वाहू शकतो याची श्रेणी.

एसटी टायरांत भारश्रेणी बी साठी कमाल दाब बहुधा ३५, सी साठी ५०, डी साठी ६५ आणि ई साठी ८० पौंड प्रति चौरस इंच असतो. भारश्रेणीचे अक्षर आणि बांधणीचे अक्षर यांत गल्लत होऊ नये. 'डी' हे अक्षर दोन्हीकडे येते, पण त्याचा अर्थ वेगळा असतो.

एकाच आकाराच्या टायरची क्षमता भारश्रेणीनुसार बदलते. एसटी २०५/७५आर१४ हा टायर सी श्रेणीत १,७६० पौंड (सुमारे ८०० किलो) आणि डी श्रेणीत २,०४० पौंड (सुमारे ९२५ किलो) भार वाहतो. एसटी २२५/७५आर१५ हा टायर डी श्रेणीत २,५४० पौंड, तर ई श्रेणीत २,८३० पौंड भार वाहतो. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन टायरांत इतका फरक असू शकतो. म्हणून केवळ आकार जुळवून टायर घेणे पुरेसे नसते.

अमेरिकेत हलक्या ट्रेलरच्या डाव्या बाजूस पुढील भागावर टायरविषयक माहितीचे पत्रक चिकटवलेले असते. त्यावर मूळ टायरचा आकार आणि टायर थंड असताना ठेवावयाचा दाब नोंदलेला असतो. जुना ट्रेलर विकत घेतल्यास प्रथम हे पत्रक वाचावे. आधीच्या मालकाने बसवलेले टायर मूळ टायरांशी जुळणारे असतीलच असे नाही.

भारक्षमतेचा हिशेब

समजा, दोन ॲक्सलच्या एका ट्रेलरचे सामानासह कमाल वजन ७,००० पौंड (सुमारे ३,१७५ किलो) आहे. या वजनाचा काही भाग जोडणीच्या ठिकाणी ओढणाऱ्या वाहनावर येतो. प्रवासी ट्रेलरसाठी हे प्रमाण साधारणपणे १० ते १५ टक्के ठेवले जाते. ते १२ टक्के धरल्यास ८४० पौंड ओढणाऱ्या वाहनावर आणि उरलेले ६,१६० पौंड चार चाकांवर येतात. सरासरीने प्रत्येक चाकावर १,५४० पौंड भार पडतो.

ही सरासरी मात्र फसवी असू शकते. स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट व पाण्याची टाकी एकाच बाजूस असल्यास ती बाजू जड होते. १५० लिटरची भरलेली टाकी एकटीच १५० किलो म्हणजे सुमारे ३३० पौंड वजनाची असते. एका बाजूवर ५५ टक्के भार आला असे मानल्यास त्या बाजूच्या दोन चाकांवर मिळून ३,३८८ पौंड, म्हणजे प्रत्येकी १,६९४ पौंड भार येईल. आता टायरांची तुलना अशी होते.

• सी श्रेणीचा टायर (१,७६० पौंड) – क्षमतेच्या सुमारे ९६ टक्के वापर.
• डी श्रेणीचा टायर (२,०४० पौंड) – क्षमतेच्या सुमारे ८३ टक्के वापर.

कागदावर दोन्ही टायर पुरेसे आहेत. परंतु पहिल्यात हवा थोडी कमी झाली, ऊन वाढले किंवा सामान वाढले, तर तो मर्यादा ओलांडतो. कमी हवेचा टायर चालताना अधिक दबतो, दबल्यामुळे तापतो आणि तापल्यामुळे आतील थर सुटू लागतात. ट्रेलरचे टायर फुटण्यामागे बहुधा हीच क्रिया असते. यासाठी जड बाजूच्या चाकावरील भारापेक्षा किमान १० ते १५ टक्के अधिक क्षमतेचा टायर निवडणे हिताचे असते. अतिरिक्त चाक कोणत्या जागी बसवावे लागेल हे आधी ठरत नसल्यामुळे त्याची क्षमताही सर्वांत जड चाकाच्या भारावरूनच ठरवावी लागते. अचूक हिशेबासाठी ट्रेलर पूर्ण भरून वजनकाट्यावर नेतात आणि शक्य असल्यास प्रत्येक बाजूचे वजन स्वतंत्र घेतात.

मोटारगाडीचा 'पी' टायर ट्रेलरला लावल्यास अमेरिकेतील वाहनसुरक्षा मानकांनुसार त्याची छापील क्षमता १.१० ने भागून धरावी लागते. बाजूवर १,८५० पौंड छापले असल्यास ट्रेलरवर ती क्षमता सुमारे १,६८२ पौंडच मानली जाते, आणि वरील उदाहरणात तो टायर अपुरा ठरतो.

रिमची जुळणी

टायर योग्य असला तरी रिम बसली नाही तर अतिरिक्त चाकाचा काही उपयोग नाही. रिम निवडताना पुढील बाबी पाहतात.

बोल्टांची रचना. बोल्टांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास जुळावा लागतो. अमेरिकी ट्रेलरांत ३,५०० पौंडांच्या ॲक्सलला बहुधा साडेचार इंच (११४.३ मिलिमीटर) वर्तुळावर पाच बोल्ट असतात. ६,००० पौंडांच्या ॲक्सलला साडेपाच इंच (१३९.७ मिलिमीटर) वर्तुळावर सहा, तर ७,००० पौंडांच्या ॲक्सलला साडेसहा इंच (१६५.१ मिलिमीटर) वर्तुळावर आठ बोल्ट आढळतात. सम संख्येच्या बोल्टांत समोरासमोरील दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर म्हणजे हा व्यास होय. पाच बोल्टांत समोरासमोर बोल्ट येत नाहीत, त्यामुळे मोजमापात चूक होण्याचा संभव असतो.

ऑफसेट व मधले छिद्र. रिम हबला टेकते ती पातळी रिमच्या मध्यरेषेपासून किती दूर आहे, याला ऑफसेट म्हणतात. ट्रेलरच्या बहुतेक रिमांत तो शून्य असतो. मोटारगाडीच्या रिमांत तो बहुधा वेगळा असल्यामुळे बोल्ट जुळले तरी टायर चौकटीला किंवा कमानपाट्यांना घासू शकतो. रिमचे मधले छिद्र हबवर सहज बसण्याइतके मोठे असावे लागते.

रिमची क्षमता. रिमलाही स्वतःची भारमर्यादा व दाबमर्यादा असते. ५० पौंड दाबासाठी बनवलेल्या रिमवर डी श्रेणीचा टायर चढवून त्यात ६५ पौंड हवा भरणे धोक्याचे असते. हीच गोष्ट हवा भरण्याच्या नळीची, म्हणजे व्हॉल्व्हची आहे. दाबून बसवण्याचा साधा रबरी व्हॉल्व्ह ६५ पौंडांपर्यंतच चालतो. ई श्रेणीच्या टायरला अधिक दाबाचा व्हॉल्व्ह लागतो.

नट. अनेक ट्रेलरांना रस्त्यावरची चाके ॲल्युमिनियमची आणि अतिरिक्त चाक पोलादी रिमचे दिलेले असते. क्षमता व बोल्टांची रचना सारखी असल्यास यात गैर काही नाही. मात्र तेच नट दोन्ही रिमांच्या छिद्रांत नीट टेकतात की नाही हे आधी बसवून पाहावे. टेकत नसल्यास वेगळे नट चाकासोबत ठेवावेत.

बाहेरील व्यास

दोन ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढचे व मागचे कमानपाटे मधल्या एका तरफेने जोडलेले असतात, आणि त्यामुळे भार दोन्ही चाकांत वाटला जातो. चाकांचे व्यास वेगळे असल्यास ही वाटणी बिघडते. टायरचा व्यास त्याच्या आकड्यांवरून काढता येतो: रुंदीला उंचीच्या टक्केवारीने गुणून दुप्पट करावे आणि त्यात रिमचा व्यास मिळवावा. या रीतीने एसटी २०५/७५आर१५ चा व्यास ६८८.५ मिलिमीटर आणि एसटी २२५/७५आर१५ चा ७१८.५ मिलिमीटर येतो. दोन्ही १५ इंची रिमचेच टायर असूनही त्यांत ३० मिलिमीटरचा फरक आहे.

यातून एक नेहमीची चूक घडते. मालक रस्त्यावरचे चारही टायर बदलून मोठे किंवा वरच्या श्रेणीचे टायर घेतो आणि स्टेपनी मात्र जुनीच राहते. वर्षभराने टायर फुटल्यावर बसवले जाणारे हे पाचवे चाक आकाराने लहान, क्षमतेने कमी व वयाने जुने असते. चार टायर बदलताना पाचवाही त्याच वेळी बदलणे, किंवा निदान त्याची क्षमता पुन्हा तपासणे आवश्यक असते. मोठा टायर अतिरिक्त चाकासाठी घेताना तो आच्छादनाला व शेजारच्या चाकाला लागत नाही ना, आणि ठेवण्याच्या जागेत मावतो ना, हेही पाहावे लागते.

उपलब्ध पर्याय

• रस्त्यावरच्या चाकासारखेच पूर्ण चाक – सर्वांत योग्य पर्याय. हे चाक कितीही अंतर नेहमीप्रमाणे चालवता येते आणि इतर चाकांबरोबर आलटूनपालटून वापरता येते.
• जुन्या संचातील चांगला टायर – खर्च वाचतो. परंतु इतर तीन टायर वय झाल्यामुळे काढले असतील, तर चौथाही तितकाच जुना असतो.
• ट्रकचा 'एलटी' टायर – भार, दाब व व्यास जुळत असल्यास चालू शकतो. एकाच आकाराच्या एलटी टायरची क्षमता एसटी टायरपेक्षा बहुधा कमी असते, म्हणून छापील आकडा तपासावा.
• मोटारगाडीचे अरुंद, तात्पुरते चाक – ट्रेलरसाठी अयोग्य. ते विशिष्ट मोटारगाडीच्या भारासाठी व मर्यादित वेगासाठी बनवलेले असते.
• पंक्चर बुजवण्याचा द्रव व हवेचा पंप – लहान खिळ्याच्या छिद्राला उपयोगी. टायरची बाजू फाटल्यास किंवा टायर फुटल्यास याचा उपयोग होत नाही.

एकाच ॲक्सलवर एका बाजूस रेडियल व दुसऱ्या बाजूस तिरकस थरांचा टायर बसवू नये. दोन्हींची भाराखाली वागण्याची रीत वेगळी असते.

वय व साठवण

मोटारगाडीचा टायर बहुधा नक्षी झिजल्यामुळे बदलला जातो, तर ट्रेलरचा टायर बहुधा वयामुळे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, हवेतील ओझोन व उष्णता यांमुळे रबर कडक होते आणि त्यात बारीक भेगा पडतात. अतिरिक्त टायर तर रस्त्यावर फिरतही नाही. त्याची नक्षी अखेरपर्यंत नवीकोरी दिसते आणि त्यामुळेच त्याच्या वयाकडे दुर्लक्ष होते.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारा संकेत असतो. त्याचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. '२३१९' म्हणजे इ.स. २०१९ चा तेविसावा आठवडा. ही पद्धत इ.स. २००० पासूनच्या टायरांना लागू आहे. अखेरीस तीनच अंक असलेला टायर त्याआधीचा असतो आणि तो वापरण्यायोग्य मानू नये. हा पूर्ण संकेत टायरच्या एकाच बाजूवर असू शकतो, म्हणून तो बाहेरून न दिसल्यास आतली बाजू पाहावी. दुकानात 'नवा' म्हणून मिळणारा टायरही काही काळ गोदामात पडून राहिलेला असू शकतो.

ट्रेलरचे टायर साधारणपणे पाच ते सात वर्षांत बदलण्याचा सल्ला दिला जातो. अतिरिक्त टायरला तो तितकाच लागू होतो. दरवर्षी चाके आलटूनपालटून बसवताना अतिरिक्त चाकही फेरीत घेतल्यास सर्व टायर सारखे झिजतात, आणि ते चाक हबवर बसते याची खात्रीही आपोआप होते.

न वापरलेल्या टायरमधूनही हवा हळूहळू कमी होते. तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरले की दाब सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वी चार चाकांबरोबर पाचव्याचाही दाब टायर थंड असताना मोजावा. बाहेर टांगलेल्या चाकावर आच्छादन घातल्याने ऊन अडते, पण त्याआड टायर डोळ्यांआड होतो. वर्षातून किमान एकदा ते काढून टायर पाहणे आवश्यक असते.

बसवण्याची जागा

अतिरिक्त चाक सामान्यतः चार ठिकाणी ठेवतात: मागील बंपरवर, चौकटीखाली, पुढील जोडदांड्यावर किंवा ओढणाऱ्या वाहनात. १४ इंची पोलादी रिमसह एका चाकाचे वजन सुमारे १८ ते २० किलो असते. खडबडीत रस्त्यावर हे वजन सतत हिसके देते. बंपरचा पत्रा पातळ असल्यास त्याच्या जोडाला तडा जाऊन चाक रस्त्यावर पडू शकते. त्यामुळे बंपरवरील चौकटीचे बोल्ट व वेल्डिंग नियमित तपासले जाते.

जागेचा परिणाम ट्रेलरच्या तोलावरही होतो. २० किलोचे चाक ॲक्सलच्या तीन मीटर मागे टांगले आणि जोडणी ॲक्सलच्या साडेचार मीटर पुढे असली, तर जोडणीवरील भार सुमारे १३ किलोंनी कमी होतो. तो फार कमी झाल्यास ट्रेलर वेगात डोलू लागतो. पुढील जोडदांड्यावर ठेवल्यास उलट जोडणीवरील भार वाढतो. चौकटीखाली ठेवलेल्या चाकाचा तोलावर परिणाम थोडा होतो. मात्र ते उतरवण्याची साखळी किंवा तार गंजून अडकू शकते आणि चिखलात ते काढणे अवघड जाते.

साधने व चाक बदलणे

अतिरिक्त चाक बाळगणाऱ्याकडे ते बसवण्याची साधनेही असावी लागतात. ओढणाऱ्या वाहनाचा जॅक ट्रेलरला पुरेसा उंच नसू शकतो आणि त्याचा पाना ट्रेलरच्या नटांना बसत नाही असे पुष्कळदा आढळते. म्हणून घरासमोर, उजेडात, एकदा चाक काढून पुन्हा बसवून पाहणे हीच खरी चाचणी होय.

चाक बदलताना ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला जोडलेलाच ठेवतात, वाहनाचा हातब्रेक लावतात आणि दुसऱ्या बाजूच्या चाकांना ठोकळे लावतात. नट चाक उचलण्याआधीच थोडे सैल करतात. ट्रेलर उभा असताना तो स्थिर ठेवण्यासाठी कोपऱ्यांत बसवलेले पाय ट्रेलर उचलण्यासाठी नसतात. जॅक चौकटीच्या मजबूत भागाखाली किंवा उत्पादकाने दाखवलेल्या जागी लावतात. ॲक्सलच्या नळीच्या मध्यभागी लावल्यास ती वाकण्याची भीती असते. उचललेल्या ट्रेलरखाली शिरू नये.

नट समोरासमोरील क्रमाने, ताऱ्याच्या आकारात आवळतात. अर्ध्या इंचाच्या बोल्टांसाठी ९० ते १२० फूट-पौंड (सुमारे १२२ ते १६३ न्यूटन-मीटर) इतका पीळ सामान्यतः सांगितला जातो, आणि तो मोजणाऱ्या पान्याने द्यावा लागतो. नवे बसवलेले चाक चालताना किंचित स्थिरावते व नट सैल पडतात, म्हणून पहिल्या ८० किलोमीटरच्या आत ते पुन्हा तपासावेत.

दोन ॲक्सलच्या ट्रेलरचा एक टायर फुटल्यावर त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरने काही अंतर जवळजवळ दुप्पट भार वाहिलेला असतो. त्याला बाहेरून काही इजा दिसत नसली तरी आतून तो दुबळा झालेला असू शकतो. अतिरिक्त चाक बसवल्यानंतर वेग कमी ठेवून तो टायर पहिल्या संधीस तपासून घेणे, आणि वापरलेल्या अतिरिक्त चाकाच्या जागी दुसऱ्या चाकाची व्यवस्था करणे, ही पुढची पायरी असते. ज्या एसटी टायरवर वेगाची खूण नसते, तो ताशी ६५ मैलांहून (सुमारे १०५ किलोमीटर) अधिक वेगाने चालवू नये असा संकेत आहे. कॅलिफोर्निया राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनांना ताशी ५५ मैलांची मर्यादा कायद्यानेच घातलेली आहे.

युरोप व भारत

ब्रिटनमधील कॅरॅव्हॅन पुष्कळदा एका ॲक्सलच्या असतात. तेथे टायर फुटल्यावर त्या बाजूस आधार देणारे दुसरे चाकच उरत नाही, त्यामुळे चालू चाकाची क्षमता व अतिरिक्त चाकाची तयारी यांना अधिकच महत्त्व येते. युरोपीय टायरांवर भारश्रेणीच्या अक्षराऐवजी भारनिर्देशांक असतो. निर्देशांक १०० म्हणजे ८०० किलो, तर १०५ म्हणजे ९२५ किलो.

भारतात ओढावयाचे निवासी ट्रेलर थोडे आहेत; येथे स्वतःचे इंजिन असलेल्या कॅरॅव्हॅनच अधिक दिसतात. महाराष्ट्र शासनाने इ.स. २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत इ.स. २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ट्यूबलेस टायर, टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्तीसंच असलेल्या लहान प्रवासी मोटारींना अतिरिक्त चाक बाळगण्यातून सूट मिळाली आहे. ही सूट त्या मोटारींपुरती आहे. जड भाराच्या ट्रेलरचा टायर फुटल्यास दुरुस्तीसंच त्याची जागा घेऊ शकत नाही.

हेही पाहा

• टायर
• ट्रेलर
• कॅरॅव्हॅन
• पंक्चर
• जॅक